तू कोण, आणि तुला जायचंय कुठे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोघातिघांनी विचारलं, "काय रे, ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही केला. पण गेले तीन महिने आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेतल्या एका काळ्या पेटीने मला असं काही कामाला लावलं होतं की रात्री जेवल्यावर लॅपटॉप उघडला की तीच समोर. बायको तर म्हणायला लागली, "तिलाच घेऊन ये घरी, एक ताट वाढीन." :-)

पेटी म्हणजे केवढी, तर ऑफिसला नेतो त्या जेवणाच्या डब्याएवढी. मागे नेटच्या वायरी खुपसायला चार भोकं, पुढे एक निळा दिवा. पंखा नाही, आवाज नाही. आत ओपीएनसेन्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २००४ मध्ये कुणीतरी पीएफसेन्स सुरू केलं, त्यातून २०१५ मध्ये हे फुटून निघालं. (राजकीय पक्षांसारखंच आहे सगळं. मूळ पक्ष आम्हीच, असं दोघंही म्हणतात.) इंटरनेटची वायर आधी या पेटीत शिरते आणि मग अभ्यासिकेत जाते. म्हणजे ही नेटची वॉचमन.

आता ही पेटी आणायची वेळ का आली ते सांगतो.

आम्ही वाघोलीत राहायला आलो तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. जून २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. पाण्याचे टँकर तेव्हाही येत होते, आताही येतात, ते असो. क्लब हाउसमधल्या टेबल टेनिसच्या खोलीत कोणी टेबल टेनिस खेळत नाही हे लक्षात आल्यावर कमिटीने तिथे चोवीस खुर्च्या टाकून अभ्यासिका केली. एमपीएससीवाली मुलं, बारावीची मुलं, घरून काम करणारे पण घरात जागा नसलेले एकदोन जण. वाय-फायचा पासवर्ड पांढऱ्या फळ्यावर लिहिलेला. सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो फळ्यावरून समोरच्या चहाच्या टपरीवर गेला, टपरीवरून रिक्षा स्टँडवर गेला आणि अभ्यासिकेतल्या मुलांना मात्र नेट मिळेना.

एवढ्यावर कमिटी हलली नसती. पण सेक्रेटरींना कुणीतरी सानपाड्याची जुनी गोष्ट पाठवली. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीची ई-मेल गेली होती. तपास नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत येऊन पोचला. तिथे एक अमेरिकन गृहस्थ भाड्याने राहत होते. त्यांचा या कशाशी संबंध नव्हता, पण त्यांचं वाय-फाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरून गेलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्यांच्या मागे लागला. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या की ग्राहकांची वाय-फाय जोडणी उघडी राहू देऊ नका, कोण वापरतंय याची ओळख पटली पाहिजे.

हे वाचून सेक्रेटरी घाबरले. नेटचं कनेक्शन सोसायटीच्या नावावर, आणि फॉर्मवर सही त्यांची! पुढच्याच रविवारी मीटिंगमध्ये ठरलं, प्रत्येकाला वेगळं लॉगिन हवं. "तुम्ही कंप्युटरमधले ना?" असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या करतो. नेटवर्कशी माझा संबंध वायर हलवून बघण्यापुरता. पण कंप्युटरमधला माणूस म्हणजे फ्रिजसुद्धा दुरुस्त करणार, ही समजूत काही माझ्याच्याने मोडवत नाही.

तर पेटी आली. पहिलं काम म्हणजे कारखान्यातून येताना तिला असलेला पासवर्ड बदलणं. तो जगजाहीर असतो. नवीन घर घेतल्यावर बिल्डरने दिलेलं कुलूप आपण बदलतो तसंच. मग व्यवस्थापकाचं खातं म्हणजे माझं. त्याला पासवर्ड, शिवाय मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड. हा कोड पुढे माझ्या अंगावर येणार होता, पण ते नंतर.

मग बाकीच्यांची खाती. मला हे तासाभराचं काम वाटलं होतं. नाव टाका, पासवर्ड टाका, पुढचा. पण पहिल्याच रकान्यात अडलो. नाव काय ठेवायचं? कमिटीने यादी दिली ती फ्लॅट नंबरची. ए-१०१, ए-१०२, बी-७०३. मेंटेनन्सचं रजिस्टर तसंच असतं, त्यामुळे कुणाला वेगळं सुचलंच नाही. मीही मुकाट्याने तीसेक खाती तशी बनवली.

दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकांची मुलगी आली. ती बारावीला आहे. काका गेटवरच्या खोलीत राहतात. अभ्यासिका उघडल्या दिवसापासून ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते आणि सगळ्यांत शेवटी उठते. म्हणाली, "काका, माझं नाव कुठल्या फ्लॅटमध्ये लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फळ्यावर पासवर्ड होता तोवर तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे टपरीवाल्याला बाहेर ठेवायला आम्ही दार बसवलं आणि पहिलं कोण बाहेर राहिलं, तर जिला आत बसायची सगळ्यांत जास्त गरज ती. आणि हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मी एक रकाना भरत होतो, एवढंच.

मीटिंगमध्ये विषय काढला. एक सदस्य म्हणाले, "मेंटेनन्स भरणाऱ्यांची सोय आहे ही." दुसरे म्हणाले, "अहो, पोरगी अभ्यास करतेय, काय बोलता!" बराच वेळ गेला. शेवटी असं ठरलं, की खातं फ्लॅटचं नाही, माणसाचं. अभ्यासिकेत नाव नोंदवलं त्याला खातं, मग तो फ्लॅटमधला असो की गेटवरचा. पाहुण्यांना चार तासांची चिठ्ठी, त्यावर छापलेला कोड, वेळ संपली की चिठ्ठी बाद. (ही चिठ्ठीची सोय पेटीतच असते. मला फार आवडली. लहानपणी दुकानदाराकडे साखरेची चिठ्ठी घेऊन जायचो त्याची आठवण झाली.) मी तीसही खाती पुसली आणि नव्याने बसलो.

पासवर्डबद्दल एक गंमत. पेटी तुमचा पासवर्ड आहे तसा ठेवत नाही. दळून ठेवते. ज्वारीचं पीठ होतं, पिठाची ज्वारी होत नाही. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकला की तोही दळायचा आणि दोन्ही पिठं सारखी आहेत का ते बघायचं. त्यामुळे माझ्यासारख्या व्यवस्थापकालासुद्धा तुमचा पासवर्ड वाचता येत नाही. हे मी मीटिंगमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं. आणि दोन दिवसांनी बघतो तर काय, पहिले पासवर्ड वाटायला मी जो कागद सेक्रेटरींना दिला होता, तो त्यांनी नोटीस बोर्डावर टाचणीने लावलेला! सगळ्यांची नावं, पुढे सगळ्यांचे पासवर्ड, आणि खाली सही-शिक्का. का, तर "प्रत्येकाला वेगळं पाकीट कुठे देत बसू?"

चिडलो होतो. पण नंतर वाचलं की १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अगदी हेच झालं होतं. तिथे सीटीएसएस नावाची यंत्रणा होती, एका मोठ्या कंप्युटरवर अनेक जण आपापल्या पासवर्डने काम करायचे. एके दिवशी दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या आजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड प्रत्येकाच्या समोर छापून येऊ लागले. ती यंत्रणा उभी करणाऱ्या फर्नांडो कोर्बाटो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा स्वतः सांगितला आहे. त्यामानाने आमचा नोटीस बोर्ड म्हणजे काहीच नाही. पुन्हा पासवर्ड बदलले, आणि या वेळी पाकिटं मी स्वतः चिकटवली.

हे झालं 'तू कोण' याचं. आता 'तुला जायचंय कुठे'.

यालाच डीएनएस म्हणतात. वाघोलीत राहणाऱ्याला डीएनएस समजावून सांगायची गरजच नाही असं माझं मत झालंय. आमच्या सोसायटीचा खरा पत्ता म्हणजे गट नंबर. खरेदीखतावर तोच, सातबाऱ्यावर तोच. पण जेवण घेऊन येणाऱ्या मुलाला गट नंबर सांगून बघा! तो म्हणतो, "सर, ते राहू द्या, खूण सांगा." मग आपण सांगतो, वाघेश्वर मंदिर माहितीये का, केसनंद फाटा माहितीये का, मग खडीच्या डंपरांचा रस्ता लागेल... कंप्युटरचं बरोब्बर तसंच, फक्त उलट. माणसाला नाव लक्षात राहतं, यंत्राला नुसता आकडा लागतो. नाव घेऊन आकडा शोधून देणारा कुणीतरी मधे लागतो, तो डीएनएस.

आणि ही नावं वाचायची कशी, तर पोस्टकार्डासारखी. मुक्काम पोस्ट वाघोली, तालुका हवेली, जिल्हा पुणे. लहानाकडून मोठ्याकडे. पत्र मात्र खालच्या ओळीपासून वर जातं, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. मुलं सारखी उघडतात ते आयोगाचं संकेतस्थळ घ्या, एमपीएससी डॉट जीओव्ही डॉट इन. आमची पेटी सगळ्यांत आधी जगाच्या मुळाशी जाऊन विचारते, 'इन'वाले कुठे बसतात? तिथे जाऊन विचारते, सरकारी खाती कोण बघतं? मग तिथे, एमपीएससी कुठे? आकडा मिळाला की मुलाच्या मोबाइलला देते, आणि थोडा वेळ स्वतःच्याही लक्षात ठेवते म्हणजे पुढच्याने विचारलं तर पुन्हा सगळी वरात नको. पापणी लवायच्या आत हे होतं. मला ते पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी एकटाच "वा!" म्हणालो.

पूर्वी असं नव्हतं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या कचेरीत सांभाळली जायची. नवीन यंत्र आलं की त्यांना कळवायचं आणि त्यांच्या माणसांनी फाइलमध्ये लिहायचं. आमच्या गेटवरचं रजिस्टरच! गाव वाढलं तसं ते पुरेना. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही तालुका-जिल्ह्याची रचना मांडली. आपापल्या गावाची नावं आपापल्या गावाने सांभाळावीत. आजही तीच चालू आहे.

आपल्या पेटीत आपणही दोन नावं ठेवू शकतो. प्रिंटरला मी नाव दिलं. हौसेने देवनागरीत द्यायला गेलो. देवनागरी नावं चालतात, ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' आहेच. पण यंत्र आतून ते भलत्याच अक्षरांत लिहून ठेवतं. 'भारत'चं आत काय होतं माहितीये? 'एक्सएन, दोन आडव्या रेघा, एच२बीआरजे९सी'. देशाचं नाव म्हणून काही बरं वाटेना. प्रिंटरला शेवटी रोमन लिपीत छापखाना म्हणतो.

आता तो रविवार. रात्री लाइट गेले होते, पहाटे आले. (आमच्याकडे लिफ्टला जनरेटर आहे, अभ्यासिकेला नाही.) सकाळी आठला फोन, "काका, काहीच उघडत नाहीये." राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तोंडावर. खाली गेलो तर चौदा मुलं खुर्च्यांत बसून माझ्याकडे बघतायत. माझा लॅपटॉप लावला. वायर ठीक. पेटी चालू. पण कुठलंच नाव सापडत नाही. बरं, पेटीत शिरून बघावं म्हटलं तर माझा सहा आकडी कोड चुकीचा! पुन्हा टाकला. चुकीचा. घाम फुटला. मीच बसवलेल्या वॉचमनने मलाच गेटवर अडवलं होतं.

कारण कळायला पावणेदोन तास लागले. पेटीच्या आत घड्याळ चालू ठेवायला नाण्याएवढा एक सेल असतो. तो मेला होता. लाइट गेल्यावर पेटी तारीख विसरली आणि २०१८ च्या जानेवारीत जाऊन बसली. आता माझा कोड वेळेवरून बनतो, मोबाइल आजच्या वेळेचा कोड दाखवतोय, पेटी २०१८ चा शोधतेय. जुळणार कसा? दुसरं म्हणजे, नावाचा आकडा कुणी खोटा सांगू नये म्हणून मी मोठ्या दक्षतेने एक तपासणी चालू करून ठेवली होती. त्यात उत्तरावर सही असते आणि त्या सहीला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. पेटीच्या मते सगळ्या सह्या कित्येक वर्षं पुढच्या तारखेच्या. पुढच्या तारखेचा चेक कोण घेतो? सगळी उत्तरं नामंजूर.

मग घड्याळ लावून घे ना बाई! तर बरोबर वेळ सांगणारे सर्व्हर इंटरनेटवर असतात, आणि त्यांचं पेटीकडे काय असतं? नाव. आणि नाव शोधायला डीएनएस हवं. आणि डीएनएसला बरोबर वेळ हवी. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!

शेवटी क्लब हाउसचा टीव्ही काढून पेटीला जोडला, घरून कीबोर्ड आणला, पेटी सुरू होतानाच बायोसमध्ये शिरून हाताने तारीख लावली. दोन मिनिटांत सगळं चालू. चौदा मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या निम्म्या टोमण्याच्या होत्या. दुसऱ्या दिवशी नवीन सेल, एक छोटा यूपीएस, आणि वेळेच्या एका सर्व्हरचं नाव न लिहिता थेट आकडाच लिहून ठेवला. एक तरी खूण अशी हवी की जी कुणाला विचारावी लागत नाही.

इथपर्यंतचं सगळं मी मजेत सांगतोय. पुढचं सांगू की नको असा विचार करत होतो.

त्या रविवारच्या गोंधळात बिघाड सापडावा म्हणून मी पेटीत एक नोंद चालू केली होती. कुठल्या यंत्राने कुठलं नाव विचारलं, किती वाजता. शेजारच्या पानावर कोण कुठल्या यंत्रावरून लॉगिन आहे तेही दिसतं. दोन पानं शेजारी उघडली की झालं. काम झाल्यावर ती नोंद बंद करायची राहून गेली. दोन रात्रींनी पेटी नीट चालतेय ना हे बघायला घरून शिरलो, आणि यादी सरकत होती. सरकत होती म्हणजे अक्षरशः. एकाखाली एक नावं.

पेटीला पान दिसत नाही, फक्त नाव दिसतं. तुम्ही एखाद्या वाड्यात शिरलात एवढं कळतं, आत कुणाशी काय बोललात ते नाही. मला वाटायचं, मग काय बिघडलं? पण सलग नावं वाचली की कळतं. अभ्यासिकेतलं एक मूल (मुलगा की मुलगी तेही सांगणार नाही) त्या रात्री अकरा ते एक काय शोधत होतं, ते मला दहा मिनिटांत कळलं. वाईट काहीच नव्हतं. घरी अजून सांगितलेलं नाही, असं काहीतरी होतं. काय, ते इथे लिहिणार नाही. आमच्या सोसायटीतली निदान चार माणसं हा ब्लॉग वाचतात. मी यादी बंद केली आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी जिन्यात ते मूल भेटलं, "गुड मॉर्निंग काका" म्हणालं, आणि मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना. चोरी मी केली होती.

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात कमिटीतल्या एका वडिलांनी मला गाठलं. "तुमच्या त्या पेटीत दिसत असेल ना पोरं काय बघतात ते? आमचं रत्न चार-चार तास बसतं तिथे. जरा यादी काढून द्या ना, आपल्यातच राहील." हे त्याच मुलाचे वडील होते का, ते विचारू नका. मी म्हटलं, "नाही देता येणार." ते म्हणाले, "येत नाही की देत नाही?" मी म्हटलं, "देत नाही." ते हसले, पण त्यांना ते आवडलं नाही. नंतर मीटिंगमध्ये त्यांनी रीतसर विषय आणला.

त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. २०११ चे सायबर कॅफेचे नियम त्यांनी छापून आणले होते. कॅफेवाल्याने ओळखपत्र बघायचं, कोण केव्हा आलं ते लिहायचं, कुठली संकेतस्थळं उघडली याची नोंद वर्षभर ठेवायची. खोक्याच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत, असंसुद्धा त्यात आहे. कॉलेजात असताना ज्या कॅफेत मी तासाला पंचवीस रुपये मोजून बसायचो तिथल्या प्लायवूडच्या भिंती आठवल्या. मी काय बघत होतो तेव्हा? नोकरीच्या जाहिराती. आणि इतरही, जे माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर मी आज इतक्या आवाजात बोललो नसतो.

मी एवढंच म्हणालो की आपण कॅफे नाही, आपण चोवीस खुर्च्यांची खोली आहोत. सानपाड्यासारखं काही झालं तर पोलीस विचारतील, त्या वेळी आत कोण होतं? त्याचं उत्तर आपल्याकडे हवं. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, एवढं वर्षभर ठेवू. कुठे गेलं ते नको. आणि तेवढी नोंदसुद्धा मी एकट्याने उघडायची नाही, कमिटीतल्या आणखी एकाने शेजारी बसायचं. एका निवृत्त बाई सहसा मीटिंगमध्ये बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "वाचनालयात मी तीस वर्षं होते. कोणी कुठलं पुस्तक नेलं ते मला पाठ असायचं. त्यांच्या घरच्यांनी विचारलं तर मी कधी सांगितलं नाही." मतदान झालं. सात विरुद्ध चार. ते वडील अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

जुनी यादी मी त्याच रात्री पुसली. पुसताना वाचली नाही, हे तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करायचं. तेवढं पेटी सांगणार नाही.

परवा संध्याकाळी अभ्यासिकेत प्रिंटरचं काहीतरी बघत होतो. एक मूल जवळ येऊन उभं राहिलं. जरा वेळाने म्हणालं, "काका, या पेटीत आम्ही काय बघतो ते दिसतं का?"

"दोन दिवस दिसत होतं," मी म्हटलं. "मी बघितलंही. मग बंद केलं."

"कुणाकुणाचं?"

"ते आता पुसलं."

ते थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "माझा पासवर्ड बदलायचाय. पाकीट घरच्यांनी उघडलं होतं."

मी त्याचं खातं उघडलं, पासवर्डचा रकाना समोर आणला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवून खिडकीपाशी गेलो. खाली टँकर आला होता, वॉचमनकाका गेट उघडून त्याचा नंबर रजिस्टरमध्ये लिहीत होते. मागे टाइप केल्याचा आवाज येत होता. बराच लांब पासवर्ड होता.